चुनाभट्टी

मंगळवारी रात्री गाड्या यायच्या
बाघेकडून, घाट चढून, धारेवरून,
बैलांच्या तोंडाला फेस.
बुधवारी पहाटे भट्टी पेटायची.
मधले तेवढे तास
माझ्या बहिणीचे.

मथू अकराची, मी आठचा.
बाबा होळकरांच्या बांधकाम खात्यात, चुन्याच्या हिशेबावर,
म्हणून घर भट्टीला लागूनच, खान नदीच्या काठी.
माझ्या हातात कंदील आणि पोतं.
तिच्या हातात बाबांचा अडकित्ता,
रात्री चोरलेला,
सकाळी सुपारीच्या डब्यात परत.

"उजेड आडवा पाड.
वरून पाडलास तर दगड दगडच दिसतो."
हे तिला कोणी शिकवलं, मला ठाऊक नाही.
आडव्या उजेडात ढिगावर सावल्या उठायच्या
आणि सावल्यांच्या आत
शिंपा, शिंपांवर शिंपा,
काही अजून घट्ट मिटलेल्या,
दार वाजलं तरी न उघडणाऱ्या.
एकदा एक गोटा, लिंबाएवढा,
त्याच्यावर पाच पाकळ्या कोरलेल्या.
तो तिने तीन दिवस परकराच्या ओच्यात वागवला.

भट्टीवाला कनीराम खोकत म्हणायचा,
"बई, यो तो भाटो है, भाटो.
सवेरे चूनो हुई जायगो."
"म्हणूनच तर," मथू म्हणायची,
आणि हात आणखी भरभर चालायचे.

इंदुरात समुद्र कुठला!
सिरपूरचा तलाव हेच आमचं मोठं पाणी.
मथूने एक तुकडा शेजारच्या उमाकाकूंना दाखवला,
त्या लग्न होऊन रेवदंड्याहून आलेल्या.
काकूंनी तो नाकाशी धरला.
"अगो, ही तर कालवं," म्हणाल्या,
मग दुपारभर कोणाशी बोलल्या नाहीत.
त्या रात्री बाबा विडा लावत होते.
मथू त्यांच्या बोटावरच्या चुन्याकडे बघत बसली
आणि मला हळूच म्हणाली,
"बाबा समुद्र खातात."

श्रावणात तिला ते सापडलं:
वळसा, वळशात वळसा,
वेटोळं घालून निजलेलं काहीतरी, तळहाताएवढं,
कडेने बारीक उभ्या रेघा.
ती ओरडली, हीच तिची चूक.
आई आली, बाबा आले, भटजी आले.
"चक्रांकित आहे. शाळिग्रामच.
रंग पिवळट, पण असतो क्वचित."
पंचामृत झालं, तुळस वाहिली,
चांदीच्या ताम्हणात वेटोळं देव्हाऱ्यात बसलं.
आणि आई म्हणाली,
"आता हात नाही लावायचा, मथे. बायकांनी नसतो लावायचा."

ज्या हातांनी काढलं, ते हात ती
कितीतरी वेळ उलटेसुलटे करून पाहत होती.

माझी मुंज त्याच वैशाखात झालेली.
पूजा माझ्याकडे आली.
उंबऱ्याबाहेरून मथूचा आवाज:
"धुताना रेघा मोज. मोठ्याने नको."
मी पुरुषसूक्त म्हणायचो, अंगठ्याने मोजायचो,
सहस्रशीर्षापाशी हमखास चुकायचो.
कधी एकोणचाळीस, कधी बेचाळीस.
"गाढवा, उद्या पुन्हा."
जानव्याच्या दोऱ्याने मी देवाचं माप घेतलं,
गाठ मारून तिला दिलं.
दोरा तिने केसांत बांधला.

तेराव्या वर्षी तिचं उज्जैनला ठरलं.
मांडवाच्या भिंतींना चुना कमी पडला,
आणि कोणीतरी, कोणी ते कधीच कळलं नाही,
कोपऱ्यातलं पोतं कनीरामच्या भट्टीत रिकामं केलं.
हळदीच्या हाताने मथूने भिंतीवर बोट ओढलं.
पांढरं बोट बघितलं.
पदराला पुसलं नाही.

दिवाळीनंतर तिचं कार्ड आलं.
सासर चांगलं आहे, क्षिप्रेला पाणी आहे,
आणि खाली, अगदी कडेला, बारीक अक्षरात:
तू नेहमी वरचीच बाजू धुतोस.
खालच्या बाजूला एखादी रेघ दुभंगते का?

मी आंघोळ केली, सोवळं नेसलो,
देवघराचं दार आतून लावलं,
खिडकीतला उजेड आडवा येईस्तोवर थांबलो
आणि देव उलटा केला.

एक्केचाळीस.
दुभंगते. सतरावी.

कार्डावर एवढंच लिहिलं.